गोष्ट, माती आणि ठोकळे : कोल्हापुरातील एका शिशुवर्गाविषयी

माझी मुलगी गेल्या जूनपासून कोल्हापुरातील एका बालवाडीच्या शिशुवर्गात जाते आणि आता शैक्षणिक वर्ष संपत आले आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा ज्याला नर्सरी म्हणतात तोच हा वर्ग असून मुले तीन ते चार वर्षांची आहेत. पुढे काही उणिवाही मांडल्या असल्यामुळे बालवाडीचे नाव मी येथे देत नाही. 'खेळातून व गोष्टींतून शिक्षण' ही ओळ आता जवळजवळ प्रत्येक शाळेच्या फलकावर असते, परंतु ती वर्गात कशी उतरते हे बाहेरून समजत नाही. या बालवाडीत पालकांना महिन्यातून एक सकाळ वर्गात बसू देतात, त्यामुळे मला ते जवळून पाहता आले. ज्यांची मुले येत्या जूनमध्ये पहिल्यांदा शाळेत जाणार आहेत, त्यांना या टिपणाचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. या वर्गाचे बळ खेळण्यांत, रंगवलेल्या भिंतींत किंवा छापील अभ्यासक्रमात नाही. गोष्टीला आणि खेळाला येथे पुरेसा वेळ दिला जातो, आणि तो वेळ चालू असताना ताई मुलांच्या मध्ये पडत नाहीत, परंतु त्यांच्यावरून नजरही काढत नाहीत. सारे श्रेय याला आहे. जेथे हा वेळ कमी पडला, तेथे हा वर्गही इतर कोणत्याही वर्गासारखा झाला, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

बालवाडी एका जुन्या बैठ्या घरात भरते. पुढे सोपा, मागे फरशीचे छोटे अंगण आणि मध्ये दोन खोल्या. जूनमध्ये वर्गात चोवीस मुले होती. दोन ताई आणि एक मावशी त्यांना सांभाळतात. केंद्र शासनाच्या २०१३ च्या बालशिक्षणविषयक धोरणात तीन ते सहा वयोगटातील वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, असे प्रमाण दिले आहे. त्या हिशेबाने येथील संख्या चांगली आहे. वेळ सकाळी नऊ ते बारा. आल्यावर पाऊण तास मुक्तखेळ, मग गोल करून गाणी आणि गप्पा, त्यानंतर गोष्ट, मग डबा, मग अंगण आणि शेवटी हातकाम, असा क्रम असतो. हा क्रम मुलांना इतका पाठ झाला आहे की डब्याआधी गोष्ट झाली नाही तर मुलेच ताईंना आठवण करून देतात.

गोष्टीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या वर्गात मला सर्वांत जास्त भावलेली बाब तीच आहे. येथे एक गोष्ट एका दिवसात संपत नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिला परत आणणारा भोपळा, ही आपल्या सर्वांच्या घरातली गोष्ट दोन आठवडे चालली होती. पहिल्या दिवशी ताईंनी ती हातात पुस्तक, चित्र किंवा बाहुली काहीही न घेता, नुसत्या आवाजाने सांगितली. कोल्हा भेटला तेव्हा म्हातारी त्याला काय म्हणाली, ते ताईंनी पूर्ण सांगितले. वाघ भेटला तेव्हा त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. अस्वल भेटले तेव्हा त्यांनी फक्त हात जोडून म्हातारीसारखी मान हलवली, आणि 'लेकीकडं जाते, तूप-रोटी खाते' हे सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटले. मुलांना ते वाक्य पाठ करा असे कोणीही सांगितले नव्हते. त्यातील क्रम, पुढे काय येणार याचा अंदाज आणि ते म्हणून दाखवण्याची घाई हे सर्व गोष्टीच्या बांधणीतूनच आले होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठीच्या बाहुल्या आल्या, नंतर मुलांनीच गोष्ट करून दाखवली. वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या घरी कन्नड बोलतात. जून आणि जुलैमध्ये तो वर्गात जवळजवळ बोलतच नसे. म्हातारी व्हायला सगळ्यांचे हात वर होते, वाघ व्हायलाही होते, पण भोपळा व्हायला कोणी पुढे येईना, तेव्हा ताईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो उठला आणि सतरंजीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडगडत गेला. मुले इतकी खूश झाली की भोपळ्याला चार वेळा गडगडावे लागले. एकही शब्द न बोलता तो त्या गोष्टीचा मुख्य माणूस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा भोपळ्याच्या तोंडचे वाक्य तोच सर्वांच्या आधी म्हणत होता. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे त्याला 'बोल, बोल' म्हणून टोकण्यापेक्षा त्याच्या अंगाला आधी गोष्टीत जागा करून देणे किती गुणकारी असते, हे मी या वर्गात पाहिले. ताईंनी त्याच्या घरून भोपळ्याचा कन्नड शब्दही विचारून घेतला आणि तो साऱ्या वर्गाने काही दिवस आवडीने वापरला.

गोष्टीच्या शेवटी एका मुलीने विचारले, 'मग वाघ उपाशीच ऱ्हायला?' असा प्रश्न आला की बहुतेक मोठी माणसे घाईने काहीतरी उत्तर देऊन टाकतात. ताईंनी तो प्रश्न गोलात ठेवला. एकाने सांगितले की त्याला भाकरी द्यायची. दुसरीने सांगितले की वाघ भाकरी खात नाही, त्याला मटण लागते. आणखी एकाचे म्हणणे होते की म्हातारीने येताना लेकीकडून त्याच्यासाठी डबा आणायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ताईंनी गोष्ट सांगितली ती डब्यासह, आणि डब्यात काय काय होते ते मुलांनी भरले. साडेतीन वर्षांची मुले येथे एक गृहीत तपासत होती, एकमेकांचे म्हणणे खोडत होती आणि त्यातून नवा शेवट रचत होती. याला मी अभ्यासच म्हणेन. मुलीचे 'ऱ्हायला' ताईंनी दुरुस्त केले नाही, हेही नोंदवते. त्यांनी स्वतःच्या वाक्यात 'उपाशी राहिला' असे सहज म्हटले आणि पुढे गेल्या. घरच्या बोलीला असा मान मिळाला की मूल बोलायला घाबरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात खरा लाल भोपळा वर्गात आला. तो उचलून पाहणे, हलतो का ते पाहणे, ठोकून आवाज ऐकणे आणि आत काय असेल याचा अंदाज करणे यात एक सकाळ गेली. मग मावशींनी तो विळीवर चिरला आणि मुलांनी हातांनी बिया काढल्या. काहींना त्या बुळबुळीतपणाची किळस आली; त्यांना कोणी आग्रह केला नाही. बिया धुऊन, वाळवून, मोठ्या आणि बारीक अशा निवडल्या गेल्या. प्रत्येकाने आपल्या वाटीत पाच घ्यायच्या होत्या, आणि हा 'पाच' म्हणजे पाटीवरचा आकडा नव्हता, बोटांखालच्या बिया होत्या. किसलेल्या भोपळ्यात गूळ आणि कणीक घालून मुलांनी पीठ मळले, त्याचे घारगे मावशींनी आत स्वयंपाकघरात तळले. माझी मुलगी घरी भोपळ्याच्या भाजीला हातही लावत नाही, पण तिने ते घारगे खाल्ले आणि आजीलाही करायला लावले. उरलेल्या बिया अंगणाच्या कडेला लावल्या होत्या. वेल आला, आणि तो रोज पाहणे हा काही आठवडे गोलातल्या गप्पांचा विषय होता.

प्रवेशाआधी आम्ही आणखी एका शाळेत गेलो होतो. तेथेही 'गोष्टीचा तास' होता, पण त्या तासाला मोठ्या पडद्यावर चित्रफीत लावत. मुले शांत बसली होती, हे खरे. परंतु पडदा थांबत नाही, मुलांच्या तोंडाकडे पाहत नाही, कोणी मध्येच प्रश्न विचारला तर त्यासाठी वाट पाहत नाही. गोष्ट सांगणाऱ्या माणसाचे हेच तर काम असते. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगण्याच्या कलेवर स्वतंत्रपणे लिहिले, ते या कामाचे मोल ओळखूनच. लहान मुलाला समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलता येणे, आधी काय झाले आणि मग काय झाले हे डोक्यात धरता येणे, 'कारण' आणि 'म्हणून' वापरता येणे, या क्षमतांवरच पुढचे वाचन उभे राहते, आणि त्या ऐकण्यातून व पुन्हा सांगण्यातून येतात. मुलगी सध्या रात्री आजोबांना गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत भोपळा रंकाळ्यावर जातो आणि भेळ खातो, पण सुरुवात, अडचण आणि सुटका हे तिन्ही टप्पे तिच्या सांगण्यात असतात.

पुस्तके आहेत, पण मोजकी. ती मुलांच्या उंचीच्या दोरीवर चिमट्यांनी लावलेली असतात आणि मुले ती कधीही काढून पाहू शकतात. काही फाटली आहेत व चिकटपट्टीने जोडली आहेत. मराठी चित्रपुस्तकांची संख्या वाढवायला हवी. पालकांनी वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याऐवजी एक पुस्तक द्यावे, अशी सूचना आम्ही केली होती आणि ती मान्य झाली.

आता मुक्तखेळाविषयी. भातुकलीचा कोपरा, ठोकळ्यांचा कोपरा, मातीचे टेबल आणि ओवणे-निवडणे यांची जागा असे चार भाग असतात, आणि कोठे जायचे ते मूल ठरवते. बाहेरून पाहणाऱ्याला हा पाऊण तास नुसता गोंधळ वाटू शकतो. मला तसे वाटले नाही, कारण भातुकलीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. त्या सकाळी सहा मुले 'जेवायला' बसली आणि ताटल्या मात्र पाचच निघाल्या. एक मुलगी प्रत्येकासमोर एकेक ताटली ठेवत गेली आणि शेवटच्या मुलापाशी येऊन थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून ठेवून पाहिले. पुन्हा एक कमी. तिने ताईंकडे पाहिले, ताई शेजारीच बसून दोरा गुंडाळत होत्या, त्यांनी 'काय करूया?' एवढेच विचारले. थोड्या वेळाने त्या मुलीने एका झाकणाची ताटली केली. नंतर ताईंशी बोलताना कळले की ताटली त्यांनीच आदल्या दिवशी मुद्दाम काढून ठेवली होती, कारण काही मुले एकास एक जोडी लावण्याच्या टप्प्यावर आली आहेत, असे त्यांनी टिपले होते. खेळातून शिक्षण म्हणतात ते हे. खेळ मुलाचा असतो, पण त्याच्या मागे मोठ्या माणसाने केलेला विचार असतो, आणि तो मुलाला जाणवू न देण्यात ताईंचे कसब आहे.

ठोकळ्यांच्या कोपऱ्यात भांडणे होतात. लांब फळी एकच आहे आणि ती पूल करायला सर्वांना हवी असते. दोन मुले ती दोन्ही टोकांनी ओढत होती तेव्हा ताई जवळ जाऊन गुडघ्यांवर बसल्या, फळीवर हात ठेवला आणि दोघांनाही आपापले म्हणणे सांगायला लावले. निवाडा दिला नाही. थोडी रडारड झाली, मग एकाने आपला रस्ता दुसऱ्याच्या पुलाला आणून जोडला. दर वेळी असे गोड घडत नाही. एकदा चावण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा ताईंनी तत्काळ दोघांना वेगळे केले आणि दोन्ही घरी त्याच दिवशी कळवले. वाट पाहायची कोठवर आणि मध्ये पडायचे कधी, याचे भान दोन्ही ताईंना चांगले आहे.

माती गंगावेशीकडच्या कुंभारांकडून येते, मळलेली आणि खडे काढलेली. मुले ती थापतात, वळतात, बोटाने भोके पाडतात, गणपतीच्या दिवसांत तर प्रत्येकाचा एक गणपती झाला. या वयात पेन्सिलीपेक्षा मातीला अधिक वेळ देण्यामागे शरीराचे साधे कारण आहे. मनगटातील आठ छोट्या हाडांपैकी बरीचशी तिसऱ्या-चौथ्या वर्षी अजून कूर्चेच्या रूपात असतात आणि बोटांचे बारीक स्नायूही तयार होत असतात. ज्या हाताने अजून नीट गोळा वळलेला नाही, त्याला दोन रेघांत 'अ' बसवायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

साहित्य बहुतेक घरगुती आहे : चिंचोके, शंख-शिंपले, बाटल्यांची झाकणे, कापडाचे तुकडे, करवंट्या, शिवाय सावंतवाडीच्या लाकडी फळांचा एक संच. हे पाहून काही पालकांना शुल्काचे काय केले असे वाटते, पण मला ते वाटले नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा माँटेसरींची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर नेणे शक्य नव्हते. त्यांनी बिया, पाने, खडे, शंख यांतूनच साधने घडवली आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोचवले, त्याची मुळे त्या कामात आहेत. चिंचोके मोजणारे मूल म्हणजे स्वस्तातली सोय नव्हे. या महाराष्ट्रात विचारपूर्वक घडलेली ती पद्धत आहे. मात्र एक दक्षता आवश्यक आहे. तीन वर्षांचे मूल चिंचोका तोंडात, नाकात किंवा कानात सहज घालू शकते. येथे बारीक वस्तूंचे तबक ताई बसलेल्या टेबलावरच निघते आणि खेळ संपल्यावर मोजून ठेवले जाते. घरी हे खेळ मांडणाऱ्यांनीही तसेच करावे.

अक्षरे आणि अंक येतात, पण लिहायला म्हणून येत नाहीत. दप्तर टांगायच्या खुंटीवर प्रत्येकाचे चित्र आणि नाव आहे. दिवाळीपर्यंत चित्रे काढून टाकली तरी बहुतेक मुलांना आपले नाव ओळखता येत होते. गोलात आवाजांचे खेळ चालतात. ताई 'काकडी' म्हणतात, मुले त्याच आवाजाने सुरू होणारे काही शोधतात, आणि त्यात 'कात्री'बरोबर 'काका'ही येतो. आमच्या इमारतीतील याच वयाचा एक मुलगा दुसऱ्या शाळेत मुळाक्षरे आणि पन्नासपर्यंत अंक लिहितो, आणि ते पाहून घरातील मोठ्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या, त्या येथेही लिहिते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, त्यात पहिली व दुसरीही येतात. आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने त्या टप्प्यासाठी खेळ हाच शिकण्याचा गाभा ठरवला आहे. दुसरे म्हणजे, शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे बेकायदा आहे. त्यामुळे 'पहिलीच्या मुलाखतीत विचारतील' या धाकाने तीन वर्षांच्या मुलाला वहीला जुंपण्याचे कारण उरत नाही. कोल्हापूरला तर या विचाराची ओळख नवी नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये येथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि भीती व स्पर्धा वगळूनही मुले उत्तम शिकतात, हे याच शहराने पाहिले आहे.

जानेवारीत वर्ग गुऱ्हाळ पाहायला गेला, सोबत काही पालकही होते. उसाचा रस, काहिलीतली उकळी, वाफ आणि गुळाचा वास याविषयी मुले परतीच्या वाटेवर अखंड बोलत होती. पुढच्या आठवड्यात एका मुलाच्या आजोबांनी वर्गात येऊन आपल्या लहानपणच्या गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली. आजी-आजोबांना शनिवारी गोष्टीसाठी बोलावण्याची प्रथा उत्तम आहे.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या दृष्टीने गंभीर उणीव स्नेहसंमेलनाची आहे. डिसेंबरमध्ये सुमारे महिनाभर मुक्तखेळ आणि गोष्ट या दोन्ही वेळांवर नाचाच्या सरावाने कब्जा केला. ध्वनिमुद्रित गाणे पुन्हा पुन्हा वाजत होते, मुले ओळीत उभी होती, आणि एरवी मुलाच्या एका प्रश्नासाठी थांबणाऱ्या ताईच 'हात वर, हात खाली' असे ओरडत होत्या. माझी मुलगी त्या काळात सकाळी जायला कुरकुर करू लागली; तो कन्नड बोलणारा मुलगा पुन्हा गप्प झाला, असे त्याच्या आईने सांगितले. सादरीकरण हवेच असेल तर मुलांनी वर्षभर खेळलेली भोपळ्याची गोष्टच रंगमंचावर आणता आली असती. तिला वेगळा सराव लागला नसता, आणि पालकांनाही आपले मूल काय शिकते ते दिसले असते. ताईंनी हे खासगीत मान्य केले, पण 'पालकांना नाच हवा असतो' असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात तथ्य आहे, म्हणून हा दोष एकट्या बालवाडीवर टाकणे योग्य होणार नाही.

दुसरी उणीव पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस अंगण वापरू देत नाही. त्या दिवसांत पळणे, चढणे, उड्या मारणे यांची भरपाई सोप्यात व्हायला हवी होती. दोरीवरून चालणे किंवा गाद्यांवर लोळणे सहज करता आले असते, पण ते क्वचितच झाले. मुले चिडचिडी झाली आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्यातील बहुतेक मारामाऱ्या त्याच महिन्यांतल्या आहेत.

पालकांना मिळणारी माहितीही अपुरी आहे. दर महिन्याला येणाऱ्या कागदावर 'छान रमते', 'प्रगती चांगली' असे काही शब्द असतात. याउलट ताई रोज एका वहीत मुलांविषयी जे टिपतात ते वाचण्यासारखे असते : कोणी कोणाला खेळात घेतले, कोणी पहिल्यांदा कात्री धरली, कोणी गोष्टीत काय विचारले. ही वही पालकांना सत्रातून एकदाच, तीही घाईत दाखवली जाते. तिच्यातली दोन वाक्ये जरी महिन्याच्या कागदावर आली तरी वहीतली अक्षरे मागणाऱ्या पालकांची निम्मी काळजी मिटेल. शिवाय दिवाळीनंतर चार नवी मुले घेतली गेली. प्रमाण अजून मर्यादेत आहे, पण खोल्या तेवढ्याच आहेत आणि गोष्टीच्या वेळी मागच्या मुलांना ताईंचा चेहरा नीट दिसत नाही.

ज्यांना वर्षाअखेरीस भरलेल्या वह्या हव्या आहेत, किंवा नोकरीमुळे मुलाला दुपारपर्यंत ठेवण्याची सोय हवी आहे, त्यांना ही बालवाडी सोयीची नाही. ज्यांच्या घरात मुलाशी बोलायला माणसे कमी आहेत, जे मूल बुजरे आहे किंवा ज्याची घरची भाषा मराठी नाही, त्याच्यासाठी मी असा वर्ग निःशंक सुचवेन. दुसऱ्या गावात अशी शाळा शोधणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी मुक्तखेळाच्या वेळी निदान अर्धा तास वर्गात बसू देण्याची विनंती करावी. त्या वेळी ताई मुलांजवळ खाली बसलेल्या आहेत का आणि काही टिपत आहेत का ते पाहावे, आणि गेल्या आठवड्यात कोणती गोष्ट सांगितली हे ताईंना न विचारता एखाद्या मुलाला विचारावे.

आम्ही पुढच्या वर्षीच्या छोट्या गटासाठी येथेच नाव नोंदवले आहे. स्नेहसंमेलनात वर्गातल्या गोष्टीच सादर व्हाव्यात आणि सरावासाठी मुक्तखेळाची वेळ घेऊ नये, अशी लेखी विनंती काही पालकांनी मिळून दिली आहे. त्यावर जूनच्या पालकसभेत चर्चा करण्याचे बालवाडीने मान्य केले आहे.